रविवारी निस्तार होणार नाही

डेपोच्या खिडकीशी कोणी आलं की भाऊ मान वर न करता विचारायचे, “खायले का जायले?”

खायले म्हणजे चुलीसाठी, जायले म्हणजे सरणासाठी. जळाऊ लाकूड आमच्याकडून या दोनच कामांना जायचं, त्यामुळे प्रश्न अगदी कामाचा होता. नवखा माणूस दचकायचा. नेहमीच्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. एक म्हातारी तर दर वेळी सांगायची, “सध्या खायलेच दे बापा, जायले अजून टाइम हाय.” त्यावर भाऊ तिच्या पासावर सही करत म्हणायचे, “घाई नोको करू बाई, वरतंही लाइन हाय.”

या माणसानं गावाच्या धार्मिक भावना दुखावल्या, असा अर्ज त्या गावानं केला होता. त्याला आता चाळीस वर्षं होत आली. त्या अर्जावर आवकचा शिक्का मीच मारला होता. आजही ‘भावना दुखावल्या’ हे शब्द पेपरात दिसले की माझं डोकं फिरतं. गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर पुन्हा दुखावतील.

मी चांद्याजवळ कंपनीच्या क्वार्टरमध्ये वाढलेला. वडील वीजकेंद्रात, शाळेत जायला कंपनीची बस, सरपणाशी संबंध शून्य. बाविसाव्या वर्षी नोकरी लागली ती गडचिरोलीच्या जंगलातल्या एका निस्तार डेपोत, कारकून म्हणून. जंगलाकाठच्या गावांना सरपण आणि बांबू सरकारकडून मिळण्याचा हक्क असतो, त्याला तिकडे निस्तार म्हणतात. मला तो शब्द खात्याचा वाटला, दाखला किंवा परवाना असतो तसा. भजनकीर्तनात निस्तार म्हणजे जिवाची सुटका, तरून जाणं, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. आमच्या घरी रेडिओ होता, भजन नव्हतं.

भाऊ त्या डेपोचे इनचार्ज. पंचेचाळिशीचे, काटकुळे, खाकी शर्टाला तीन रंगांची बटणं. कानांवर दोन पेन्सिली असायच्या, एक लिहायला आणि एक हरवायला. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली होती. घरात बुद्धाची तसबीर होती, पण भाऊ तिलाही सोडायचे नाहीत. “हा एक मानूस बरा निघाला,” ते म्हणायचे, “मले नमस्कार करू नोका म्हने. तर लोकायनं त्याच्या नमस्कारासाठी पाच जनायची कमिटी केली.” विहाराच्या कमिटीला हे झोंबायचं. वर्गणीच्या वेळी ते भाऊंचं घर शेवटी घ्यायचे.

ऑफिसात आधीच्या कोणीतरी देवांच्या चित्रांचं कॅलेंडर टांगलं होतं. भाऊंनी ते काढलं नाही. पहिल्या तारखेला ते खुर्चीवर चढून जुनं पान फाडायचे आणि नव्या चित्राकडे बघून आम्हाला कळवायचे, “जुन्या सायबायची बदली झाली. नवीन सायेब जॉइन झाले. आता याहीच्या इथी काम होते का पाहू.” चौकीदार कट्टर माणूस, दर सोमवारी महादेवाला पाणी घालणारा. तो पहिल्या तारखेला मुद्दाम लवकर यायचा, हे ऐकायला.

लाकडाच्या रचलेल्या ढिगाला तिकडे बीट म्हणतात. आवारात एका बाजूला वाळलेल्या ऐनाचे, धावड्याचे बीट असायचे, दुसरीकडे ओल्या लाकडाचे. भाऊंनी वाळलेल्याला स्वर्ग नाव ठेवलं होतं, ओल्याला नरक. सरपंचाच्या घरचं कोणी वारलं, तेव्हा ते मजुरांना ओरडून सांगत होते, “नरकातलं अर्धं टाका, स्वर्गातलं अर्धं! सरपंचाचा काका हाय, मधात राह्यला पाह्यजे.” सरपंचही हसला होता. सुतकात हसला म्हणून पुढे बायकोच्या शिव्याही खाल्ल्या त्यानं. पण ज्याला कोणी नाही अशा माणसासाठी पास आला की भाऊ काही न बोलता स्वर्गातलंच लाकूड काढून द्यायचे.

मीही दुखावलो होतो एकदा. माझी आई सोमवार करायची. भाऊ म्हणाले, “बाबू, तुही माय उपाशी राह्यते त्या दिवशी देव काय करते? जेवते?” मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझं टेबल पेन्सिलीनं ठोकलं.

“दुखलं का तुले?”

“हो.”

“मंग तोंडानं सांगाचं ना. फुगून काऊन राह्यला? मले का सपन पडते? आता मायवर नाई बोलनार.”

आणि नाही बोलले. देवावर बोलले, माझ्यावर बोलले, माझ्या पँटीवर बोलले. आईवर पुन्हा कधी नाही. दुखलं तर सांगायचं आणि सांगितलं तर थांबायचं, एवढा साधा त्यांचा हिशेब होता. तो एका अख्ख्या गावाला जमला नाही.

आता त्या पाटीबद्दल.

गडचिरोली चांद्यापासून वेगळा जिल्हा झाला आणि साऱ्या पाट्या बदलायचा हुकूम आला. मी तेव्हा नुकताच लागलो होतो. भाऊ रजेवर होते. पेंटर बसला खोळंबून, म्हणून मीच मजकूर लिहून दिला. वर डेपोचं नाव, खाली जिल्हा, त्याखाली वेळ दहा ते पाच. आणि सर्वांत खाली, कचेरीच्या भाषेत जसं लिहितात तसं, ‘रविवारी व सुटीच्या दिवशी निस्तार होणार नाही.’

भाऊ रजेवरून आले, फाटकाशी सायकल टेकवली, पाटी वाचली आणि तिथल्याच एका ओंडक्यावर बसले. मला वाटलं चक्कर आली. जाऊन पाहतो तर माणूस हसतोय. हसता हसता खोकला लागला, चौकीदारानं पाणी आणलं. मग त्यांनी मला निस्तारचा दुसरा अर्थ सांगितला. माझे कान तापले. मी पेंटरला परत बोलावतो म्हणालो.

“हात लावशील तर याद राख,” भाऊ म्हणाले. “सरकारनं आजपर्यंत लिवलेलं हे पह्यलं खरं वाक्य हाय.”

आणि येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगायला लागले, पाहा मी काय पाटी लिहिली. माझं हसं होऊ नये म्हणून, की वाक्य त्यांना स्वतःचं वाटावं इतकं आवडलं म्हणून, ते मी कधी विचारलं नाही. गाव पाटी वाचून हसलं. आसपासच्या गावांतून लोक मुद्दाम बघायला आले. आणि ज्याला कोणाला शंका असेल त्याच्यासाठी सांगतो: भाऊ डेपोच्या मागेच राहायचे, आणि रविवारी मेलेल्या एकाही माणसाचं सरण सोमवारपर्यंत थांबलं नाही. जेवत्या ताटावरून उठून त्यांनी फाटक उघडलेलं मी पाहिलंय.

एकदा दुपारी जवळच्या टोलीवरचा, म्हणजे गावाबाहेरच्या छोट्या वस्तीवरचा, एक मजूर आला. भाऊंनी नेहमीसारखं विचारलं, “खायले का जायले?”

“जायले.”

“मानूस केवढा?” हे लाकडाच्या अंदाजासाठी. “माह्यासारखा काडी का सरपंचासारखा?”

त्या माणसानं हात आपल्या छातीशी आडवा धरला. “एवढी. पोरगी हाय. बारा वर्साची.”

भाऊंनी पेन्सिल खाली ठेवली. बाहेर गेले, मजुरांना बाजूला केलं, स्वर्गातली मोठी लाकडं काढली आणि स्वतः कुऱ्हाडीनं ती बारीक फोडायला बसले. तासभर फोडत होते. चौकीदार म्हणाला, “भाऊ, मोठे चालते ना.” भाऊ म्हणाले, “लेकरू हाय. जड होतीन तिले.” तेवढंच. लाकडांची गाडी गेली, आणि पुढचा महिनाभर त्यांनी खिडकीशी आलेल्या कोणालाही तो प्रश्न विचारला नाही.

महिन्यानं तो मजूर पुन्हा आला. भाऊ काहीच विचारेनात, तेव्हा तोच खिडकीत वाकला आणि म्हणाला, “खायले, भाऊ. आज खायले.” आणि थोडासा हसला. त्या दिवसापासून प्रश्न परत सुरू झाला.

मला जे सांगायचंय ते हे आहे. ज्यांच्या घरचं माणूस गेलं होतं, ज्यांना दुखावले जाण्याचा खराखुरा हक्क होता, ते कधी दुखावले नाहीत. दुखावले कोण? ज्यांच्या घरी सरपण नोकर घेऊन जायचे ते.

पुढे एका माघात गावात सप्ताह बसला. राइसमिलवाले शेठ मंडळाचे अध्यक्ष. मांडवाचा बांबू आमच्याच डेपोतून गेला होता, म्हणून काल्याच्या कीर्तनाला भाऊ आणि मी दोघंही गेलो, मांडवाच्या कडेला उभे राहिलो. सकाळचे अकरा वाजले असतील. महाराज बाहेरगावचे, गमतीदार बोलणारे. त्यांना पाटीची हकिगत कोणीतरी पुरवली होती. ते म्हणाले, “तुमचं गाव भाग्याचं! इथं निस्ताराची सरकारी कचेरी आहे म्हणे. पण रविवारी बंद! तेव्हा बाबांनो, मरायचं तर सोमवार ते शनिवार बघून मरा.” मांडव हसून लोळला. शेठ मांडीवर थापा मारत होते. डोळ्यांतून पाणी आलं त्यांच्या, मी बघत होतो.

हसू ओसरता ओसरता भाऊ कडेवरून मोठ्यानं बोलले, “महाराज, आमच्या इथी सोमवारी तरी भेटते. तुमच्या इथी?”

लोक पुन्हा हसले. महाराजही हसले. “हे मात्र खरं बोललात,” म्हणाले आणि पुढचं चरण घेतलं. संपलं. मला वाटलं संपलं.

शेठ हसले नव्हते.

पुढे कोणी म्हणालं की शेठचा भाऊंवर आधीपासून दात होता, मिलसाठी लाकूड अडवलं होतं वगैरे. मी डेपोत होतो, असलं काही झालेलं नाही. असतं तर मला बरं वाटलं असतं. लबाड माणसाचा राग करणं सोपं. शेठ खरोखर दुखावले होते. देवावर हसायचं तर ते आपण हसायचं, आपल्या महाराजांनी हसवायचं. या माणसानं आपल्याबरोबर हसावं इथपर्यंत ठीक, पण यानं हसवावं? तेही देव सोडून गेलेल्याच्या पोरानं? त्यांना मनापासून वाईट वाटलं होतं, आणि म्हणूनच माझा राग अजून जात नाही.

चौथ्या दिवशी अर्ज आला. त्यात कीर्तनाचं नाव नव्हतं, कारण महाराज स्वतःच हसले होते. पकडलं ते पाटीला. ‘सदर इसमाने शासकीय फलकावर आमच्या मृतांची व मोक्षकल्पनेची टिंगल केली असून आमच्या भावना तीव्र दुखावल्या आहेत.’ खाली ओळीनं सह्या आणि अंगठे. पाटी सव्वा वर्ष लागलेली होती. सह्या करणाऱ्यांतले निम्मे तिच्याखाली उभे राहून हसले होते. चौकीदाराचीही सही होती.

माझं वाक्य. माझ्या शब्दांवरचा अर्ज माझ्याच टेबलावर आला आणि मी शिक्का मारून, तारीख टाकून तो फायलीत लावला. माझी नोकरी पक्की व्हायला दोन महिने होते. मी भाऊंकडे पाहिलं. ते म्हणाले, “काय पाहून राह्यला? चांगला अर्ज हाय. शुद्धलेखन बरं हाय तुह्यापेक्षा.”

वर अर्ज पाठवण्याआधी गावात बैठक घेऊ असं ठरलं. देवळाच्या सभामंडपात, दुपारी. शेठची अट सोपी होती: भाऊंनी पायरीवर नारळ फोडायचा, डोकं टेकवायचं आणि चुकलो म्हणायचं. केलं की मिटलं. नाही केलं तर अर्ज वर जाणार आणि भाऊंची बदली होणार. भाऊंची मुलगी दहावीला होती, परीक्षा तोंडावर आलेली. डोकं टेकवणं त्यांच्या बापानं ज्या दिवशी सोडलं तो दिवस त्या घरात वाढदिवसासारखा पाळायचे. शेठना हे दोन्ही ठाऊक होतं. विहाराच्या सेक्रेटरीला भाऊंच्या बायकोनं निरोप पाठवला, तर तो म्हणाला, “बाई, त्यायनं आमाले तरी कवा सोडलं?” आणि आला नाही.

भाऊ उभे होते. त्यांना कोणी बस म्हटलं नव्हतं. शेठ त्यांना इतकी वर्षं ‘भाऊ, तुमी’ म्हणायचे.

“काऊन रे,” शेठ म्हणाले, “तू आमच्या मेलेल्यायवर हासते?”

भाऊ मंडपाकडे वळले. “ज्याच्या घरचं मानूस गेलं अन् माह्या बोलन्यानं ज्याले दुखलं, त्यानं उभं राह्यावं. मी त्याचे पाय धरतो, आत्ताच धरतो. पायरीले मी काई बोललो नाई, तं तिची माफी काऊन मांगू?”

कोणी उठलं नाही. कोणीतरी उगाच खाकरलं. तो टोलीवरचा मजूर तिसऱ्या रांगेत बसला होता, नखानं जमीन कोरत. ऊठ, मी मनात म्हणत होतो, ऊठ आणि सांग यांना लाकडं कोणी फोडली ते. मला त्याचा इतका राग आला की मी दात आवळले. मग लक्षात आलं की मीही बसलेलाच आहे.

मी उभा राहिलो. “पाटी मी लिहिली,” म्हणालो. “भाऊनं नाई. भाऊ रजेवर होते. मले निस्तार म्हंजे काय ते मालूम नोतं.”

मग शेठ हसले.

“हात् तिच्या! बाबू, तू लिवली? मंग पह्यले नाई सांगाचं?” ते सगळ्यांकडे वळले. “पोरगं क्वार्टरातलं, इंग्रजी दवाखान्यात जनमलेलं. त्याले निस्तार काय समजते!”

हसू पसरत गेलं. कोणीतरी ते वाक्य मोठ्यानं म्हणून दाखवलं आणि सव्वा वर्षांपूर्वी जसे हसले होते तसे सगळे पुन्हा हसले. मला हाताला धरून शेठच्या शेजारी सतरंजीवर बसवलं. पाठीवर थापा पडल्या. चहा आला. एक म्हातारा म्हणाला, होते चूक, आपलंच लेकरू हाय.

“मंग भाऊचं मिटलं ना?” मी विचारलं.

शेठचं हसू गेलं. “त्याचं कसं मिटते? तू लिवलं ते चुकून लिवलं. तो हासला तो समजून हासला.”

भाऊंनी माझ्याकडे एकदा बघितलं, चपला घातल्या आणि उन्हात चालते झाले. कोणी अडवलं नाही.

अर्ज वर गेला. महिन्याच्या आत हुकूम आला, प्रशासकीय कारणास्तव, सिरोंचा, नदीच्या खालच्या अंगाला, जिल्ह्याच्या पार टोकाला. मुलीला परीक्षेपुरतं मावशीकडे ठेवलं. सामान ट्रकमध्ये चढत होतं तेव्हा डेपोचे मजूर, दोनचार बाया, ती म्हातारी, असे लोक जमले होते, रडत होते. भाऊ त्यांना हसवत होते. “सिरोंचाच बरा. छप्पन साली आमच्या घरचे देव वैनगंगेत सोडले, मी होतो बापासंगं. वाहत वाहत तिथीच लागले असतीन. भेटले तं सांगीन, तुमच्यापायी माही बदली झाली म्हनून.” बाया रडता रडता हसल्या.

माझ्याशी ते काही बोलले नव्हते. बैठकीपासून कामापलीकडे एक शब्द नाही, एक विनोद नाही. ते ड्रायव्हरशेजारी चढून बसले तेव्हा मी दाराशी गेलो.

“भाऊ, मी सांगतलं ना त्यायले. समद्यायपुढं उभा राहून सांगतलं.”

“सांगतलं,” ते म्हणाले. त्यांनी मला नीट पाहून घेतलं. राग होता, पण आवाज चढला नव्हता. “मंग त्यायचा चहा काऊन पेला?”

ट्रक निघून गेला. मी दोन कप प्यायलो होतो.